ऑपरेशन झालं, दोरी शाबूत आहे, तरी पोरीचा गुडघा निसटतो. का?

कबड्डीताई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण दुसरं कुणाला विचारू कळत नाहीये.

मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी पीटीची शिक्षिका आहे, संध्याकाळी मुलींची कबड्डी घेते. माझी एक चढाईपटू आहे, वय १७. दीड वर्षापूर्वी बोनस घेऊन माघारी वळताना तिचा उजवा पाय मॅटवर रोवला गेला आणि अंग तेवढं फिरलं. कट्ट असा आवाज मला बाहेर बाकावर ऐकू आला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतली मुख्य दोरी, तुटली. आधी घरच्यांनी चोळून पट्टी बांधली, मग दहावीची परीक्षा, मग पैशांची जुळवाजुळव, असं करत आठ महिन्यांनी दुर्बिणीतून नवीन दोरी बसवायचं ऑपरेशन झालं. त्याला आता अकरा महिने झाले.

आता ती सरळ पळते, जिना चढते उतरते, सूज नाही, दुखत नाही. पण पाय रोवून अंग फिरवलं की गुडघा निसटतो. ती म्हणते, ताई, आतलं हाड क्षणभर बाजूला सरकून टकदिशी परत जागेवर बसल्यासारखं वाटतं. एमआरआय केला. रिपोर्टात लिहिलंय की नवीन दोरी शाबूत आहे. तिथे सांगितलं की ऑपरेशन यशस्वी आहे, हिच्या मनातली भीती काढा. घरचे आता म्हणतात की पोरगी खेळायचा कंटाळा करते. मी या मुलीला पाचवीपासून बघतेय, ती खोटं बोलत नाही.

दोरी शाबूत असताना गुडघा निसटू शकतो का? कुणाच्या बाबतीत असं होतं आणि ते आधी कळतं का? निवड चाचणी अडीच महिन्यांवर आलीय. खेळवू की नको?

डोंगरवेडा

ताई, शंभर टक्के होऊ शकतं, माझं झालंय. २०१९ ला ऑपरेशन. वर्षभराने राजगड केला, चढताना काही नाही, गुंजवण्याच्या बाजूने उतरताना मात्र गुडघ्याने तीनदा दगा दिला, शेवटी मित्राच्या खांद्यावर हात टाकून खाली आलो. डॉक्टरांनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या, ऑपरेशनची मांडी चार सेंटीमीटरनी बारीक! दोरी एकदम टाईट होती, मांडीच्या पुढच्या स्नायूतच जीव नव्हता. पाच महिने जिम केली, आता हरिश्चंद्रगड पण उतरतो. माझं मत: व्यायाम, व्यायाम आणि व्यायाम. बाकी सगळं नंतर.

रात्रपाळी

माझं पण सेम. वाचतोय.

आजोळ

निर्गुडीचं तेल कोमट करून रोज रात्री चोळा. आमच्या आजीचा गुडघा त्यानेच राहिला नव्वदीपर्यंत.

प्राजक्त_ठाणे

मी फिजिओ आहे, खेळाडूंचे गुडघे हेच रोजचं काम.

आजोळ, तेलाने बरं वाटतं, आखडलेला स्नायू सैल होतो, माझी काही हरकत नाही. पण हिच्या गुडघ्यात कडकपणा हा प्रश्नच नाहीये, उलटा प्रश्न आहे.

डोंगरवेडा, तुमचं आणि या मुलीचं निसटणं वेगळं आहे असं मला वाटतं. स्नायू कमजोर असला की गुडघा पुढे मोडतो, उतारावर, जिना उतरताना, सरळ रेषेतच. सूज असेल, गुडघा शेवटचे पाच अंश सरळ होत नसेल, तर मेंदू स्वतःच त्या स्नायूला गप्प बसवतो आणि पाय दगा देतो. ते व्यायामाने सुधारतं. ही मुलगी मात्र सरळ पळते, जिना उतरते, फक्त वळताना निसटतो, आणि 'सरकून टकदिशी जागेवर बसलं' असं म्हणते. हे वर्णन ती कुठे वाचून आलेली नाही, आणि आम्ही पुस्तकात नेमकं हेच शिकतो. दोरीचं काम दोन प्रकारचं असतं, नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि आतल्या बाजूला पिळू न देणं. पहिलं काम नीट होतंय आणि दुसरं होत नाही असं खूप जणांच्या बाबतीत होतं.

ताई, एक करा. तिला चड्डीवर, बाजूने, दोन्ही गुडघे मागे ताणून उभं करा आणि बघा पाय धनुष्यासारखे मागे जातात का. चांगल्या पायाकडे जास्त लक्ष द्या. आणि तपासणी होईपर्यंत कबड्डी पूर्ण बंद. सराव पण नको. प्रत्येक निसटण्यात गुडघ्यातली गादी, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची चकती, भरडली जाते.

कबड्डीताई

प्राजक्त, आत्ताच मैदानावरून आले. हो! दोन्ही पाय मागे जातात, चांगला डावा पाय तर खूपच. मला वाटायचं तिची उभं राहायची ढबच तशी आहे. अंगठा मनगटाकडे वाकवला तर हाताला टेकतो, कोपरंही उलटी वाकतात. तळहात तर गुडघे न वाकवता सहज जमिनीला टेकतात. मी याच लवचिकपणाचं कौतुक करत होते इतकी वर्षं.

मालमोकर

मी दक्षिण स्वीडनमध्ये असतो, इथे फुटबॉल खेळताना माझी एसीएल गेली आणि मी ऑपरेशन केलेलंच नाही. इथल्याच भागात एक मोठा अभ्यास झालाय, २०१० मध्ये छापून आला, १२१ तरुण घेतले, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, अर्ध्यांना आधी व्यायाम आणि लागलंच तर नंतर ऑपरेशन. पाच वर्षांनी बघितलं तर व्यायामवाल्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. आपल्याकडे एमआरआयमध्ये दोरी तुटलेली दिसली की लगेच तारीख देतात. मुळात त्या मुलीचं ऑपरेशन व्हायलाच हवं होतं का?

ऑर्थो_नाशिक

मालमोकर, अभ्यास चांगला आहे, मी माझ्या रुग्णांना आवर्जून सांगतो. पण त्यात वय १८ ते ३५ होतं आणि अगदी वरच्या पातळीचे खेळाडू वगळले होते. ऑपरेशनच्या वेळी सोळा वर्षांची, वळण्यावरच जिचा सगळा खेळ, आठ महिने ज्या गुडघ्यावर वारंवार निसटणं झालं, तिला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

ताई, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. एमआरआय हा झोपलेल्या, स्थिर गुडघ्याचा फोटो आहे. दोरी आहे की नाही ते तो सांगतो, दोरी काम करते की नाही ते सांगत नाही. दाराची बिजागरी शाबूत दिसते, दार हलवून बघितल्यावरच कळतं की ते झोल खातंय. गुडघ्याचं दार हलवून बघायची तपासणी म्हणजे पिव्हट शिफ्ट, पाय सरळ करून आतल्या बाजूला पिळत, बाहेरून दाब देत हळूहळू वाकवायचा, हाड सरकून परत बसतं ते हाताला कळतं. जागेपणी रुग्ण घाबरून स्नायू आवळतो म्हणून पिव्हट शिफ्ट नीट समजते ती बहुतेकदा भूल दिल्यावरच. ऑपरेशनच्या कागदात सुरुवातीलाच ती ग्रेड लिहिलेली असते, शून्य ते तीन.

कुणाचा गुडघा ऑपरेशननंतरही फिरतीत सैल राहतो? ऑपरेशनआधी जो खूप सैल होता त्याचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्याचा गुडघा जन्मतःच मागे जातो त्याचा, कारण नवी दोरी रोज त्या उलट्या ताणाला तोंड देते. ज्याची गादी काढली त्याचा. आतल्या गादीचा मागचा भाग म्हणजे गाडीच्या चाकामागे लावलेला दगड, तो काढला की सगळा भार दोरीवर. बाहेरच्या गादीचं मूळ उपटलेलं असेल आणि तसंच राहिलं तर फिरतीतला सैलपणा राहतो. नडगीच्या हाडाचा वरचा माथा मागे जास्त उतरता असेल, साधारण १२ अंशांच्या वर, तर प्रत्येक पावलाला मांडीचं हाड मागे घसरतं आणि नडगी पुढे ढकलली जाते, हे साध्या बाजूच्या एक्सरेत मोजता येतं आणि तरी मोजलं जात नाही. दुखापत आणि ऑपरेशन यात महिने गेले की आजूबाजूचे आवरणाचे बंधसुद्धा ताणून सैल होतात. आणि मग आमच्या हातच्या चुका: मांडीच्या हाडातला बोगदा उभा पडला की दोरी पुढे-मागे धरते पण पीळ धरत नाही. दोरी बारीक पडली. बाजूचा फाटलेला बंध दिसलाच नाही.

तुमच्याकडे ऑपरेशनची नोट आहे का? डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशन नोट. त्यात चार गोष्टी शोधा: भूल दिल्यावर पिव्हट शिफ्ट किती, दोरी कुठून घेतली, तिची जाडी किती मिलिमीटर, गादीचं काय केलं. तुमचा तो हक्काचा कागद आहे, मागितला की द्यावा लागतो.

बुलेटवाला_सांगोला

डॉक्टर म्हणत्यात ते 'बाजूचा बंध दिसलाच नाही' ते म्या भोगलंय बगा. २०२१ ला बुलेट घसरली, एसीएल गेली म्हणून एका हास्पिटलात ऑपरेशन केलं. सहा महिन्यात परत ढिल्लं. चालताना गुडघा भायेरच्या अंगाला फेकायचा, बायकू म्हणायची तुमी बैलगाडीच्या मोडक्या चाकावानी चालताय. दुसऱ्या ठिकाणी गेलो, त्या डॉक्टरनं पहिलं मला झोपवलंच नाय, म्हनला बोळात चालून दाखवा. दोन वेळा येरझारा घातल्या आन लगेच म्हनला गुडघ्याचा भायेरचा मागचा कोपरा फाटलाय, तो तसाच ठिवून आतली दोरी बदलली, ती टिकणार कशी. मग दोन्ही एका टायमाला केलं. आता ऊस तोडतो. ताई, पोरीला चालवून बघा म्हनावं.

प्राजक्त_ठाणे

बुलेटवाला, तुमच्या सौभाग्यवतींनी जे निदान केलं त्याला आमच्याकडे 'थ्रस्ट' म्हणतात, त्यांची नजर पक्की आहे :) गाडीवरून पडलेल्यांच्या बाबतीत एकच दोरी तुटलीय असं कधीच गृहीत धरू नये.

शेवंता

थोडं विषयांतर. ताई मॅट म्हणाल्या. आमच्या वेळी रत्नागिरीत मातीवर खेळायचो, तळपाय घसरायचा म्हणून गुडघा वाचायचा. मॅटवर बूट धरून ठेवतो, अंग फिरतं आणि पाय तिथेच. मॅट आल्यापासून गुडघे जास्त जातात असं माझं निरीक्षण आहे.

डोंगरवेडा

शेवंताताई, मातीत माझ्या मावसभावाचा गुडघा गेलाय, पट काढताना.

आणि माझा एक प्रश्न, दोरी कुठून घ्यायची याचं प्रत्येक डॉक्टरचं वेगळं का असतं? माझी मांडीच्या मागून घेतली, मित्राची वाटीच्या खालून, आणि शेजाऱ्यांची चक्क घोट्यापासून!

ऑर्थो_नाशिक

तिन्ही बरोबर. वाटीखालची दोरी दोन्ही टोकांना हाडासकट येते, हाडाला हाड लवकर धरतं, पण नंतर गुडघे टेकायला दुखतं. नमाज, पूजा, फरशी पुसणं, आपल्याकडे गुडघा जमिनीला लागल्याशिवाय दिवस जात नाही, म्हणून अनेकजण मांडीमागची किंवा घोट्याबाहेरची घेतात. घोट्याबाहेरची साधारण जाड मिळते. मांडीमागची किती जाड मिळेल ते माणसाच्या उंचीवर बरंच अवलंबून, बुटक्या, सडपातळ मुलींमध्ये ती हमखास बारीक निघते. ८ मिमीच्या खाली गेली आणि वय विशीच्या आत असेल तर मी अस्वस्थ होतो.

कबड्डीताई

नोट मिळाली. दोन फेऱ्या माराव्या लागल्या, पण मिळाली. समोर ठेवून लिहितेय. 'पिव्हट शिफ्ट ग्रेड ३'. 'मांडीमागची दोरी, चौपदरी, जाडी ७ मिमी'. 'आतल्या गादीचा मागचा भाग फाटलेला, शिवण्यायोग्य नाही, काढला'. खाली सही. मुलीची उंची ४ फूट ११ इंच आहे.

फिजिओथेरपी सहा आठवडे झाली. नंतर बसचं भाडं आणि शाळा बुडते म्हणून बंद झाली, त्याचं मला फार वाईट वाटतं, मी तेव्हा तिच्या वडिलांशी भांडायला हवं होतं.

प्राजक्त_ठाणे

ताई, स्वतःला दोष देऊ नका. आमच्याकडे मुंबईत दाराशी रिक्षा असणारे लोक सुद्धा आठ आठवड्यांनी गायब होतात, कारण दुखायचं थांबतं. आणि गंमत बघा, बसवलेली दोरी नेमकी त्याच सुमाराला, दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान, सगळ्यात कच्ची असते. शरीर आधी तिला मऊ करतं, मग तिच्यात नवीन रक्तवाहिन्या शिरतात आणि मग ती हळूहळू अस्थिबंधासारखी होते. माणसाला वाटतं झालं बरं, आणि आत दोरी लोण्यासारखी.

ऑर्थो_नाशिक

ताई, कागद वाचला आणि खरं सांगतो, मन खट्टू झालं. ग्रेड ३, सात मिलिमीटर, मागची गादी गेलेली, गुडघा मागे जाणारा, अंग लवचिक, ऑपरेशनच्या वेळी वय सोळा, आठ महिन्यांचा उशीर, वळण्याचा खेळ. यातलं एखादं असतं तर गोष्ट वेगळी. हे सगळं एका पोरीच्या एका गुडघ्यात आहे. ती घाबरत नाहीये, तिला खरंच जाणवतंय.

कॅनडा आणि युरोपातल्या केंद्रांनी मिळून नेमक्या अशाच मुलामुलींवर अभ्यास केला, २०२० मध्ये आला. पंचविशीच्या आतले ६१८ जण, आणि त्यात घ्यायची अट काय होती बघा: पिव्हट शिफ्ट ग्रेड २ किंवा वर, वळण्याचा खेळ, अंग किंवा गुडघा सैल, या तिन्हीपैकी किमान दोन. तुमच्या मुलीत तिन्ही आहेत. अर्ध्यांना नुसती मांडीमागची दोरी, अर्ध्यांना त्याबरोबर मांडीच्या बाहेरच्या जाड पडद्याची सेंटीमीटरभर रुंद पट्टी घेऊन गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला अडकवली, फिरतीला लगाम म्हणून. दोन वर्षांनी नुसत्या दोरीवाल्यांपैकी ११ टक्क्यांची दोरी पुन्हा तुटली, पट्टीवाल्यांची ४ टक्के. आणि दोरी तुटणं किंवा फिरतीत सैलपणा राहणं असं दोन्ही धरलं तर ४० विरुद्ध २५.

मालमोकर

म्हणजे पट्टी लावूनही चारातल्या एकाची दोरी तुटली किंवा गुडघा सैलच राहिला. मग उद्या सरसकट सगळ्यांना पट्टी, आणखी एक चिरा, आणखी खर्च. मला हे पटत नाही.

ऑर्थो_नाशिक

सरसकट नकोच. चाळिशीच्या, घट्ट गुडघ्याच्या, बॅडमिंटन सोडायला तयार असलेल्या माणसाला मी पट्टी लावत नाही. पहिल्या काही महिन्यांत पट्टीवाल्यांना दुखतं जास्त आणि मांडीत जोर उशिरा येतो, हेही त्याच अभ्यासात आहे. मी एवढंच म्हणतो की कुणाला लागेल हे ऑपरेशनच्या टेबलावर नाही, आधी बाह्यरुग्ण विभागात ठरवता येतं. अंगठा मनगटाला टेकवून बघायला पैसे लागत नाहीत.

रात्रपाळी

विनेश फोगाटचं ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत ऑपरेशन झालं आणि वर्षाच्या आत ती पॅरिसला ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत पोचली. म्हणजे वर्षात होतं की परत. ताई, हिंमत सोडू नका.

प्राजक्त_ठाणे

होतं, पण महिने मोजून नाही होत. ऋषभ पंतला ३० डिसेंबर २०२२ चा अपघात ते मार्च २०२४ ची आयपीएल, जवळपास पंधरा महिने लागले, आणि अशा खेळाडूंच्या दिमतीला रोज माणूस असतो. नॉर्वेतला २०१६ चा अभ्यास आहे, वळण्याच्या खेळात परतायला नऊ महिन्यांपर्यंत जेवढा एकेक महिना थांबाल तेवढी पुन्हा दुखापतीची शक्यता दर महिन्याला निम्म्याने कमी. पण त्यातच पुढे आहे की मांडीतला जोर दुसऱ्या पायाच्या ९० टक्के नसेल तर धोका राहतोच. तिचे अकरा महिने झालेत, हे उत्तर नाही. एका पायावर किती लांब उडी मारते, आणि उतरताना गुडघा आत पडतो का, ते उत्तर.

आजोळ

मी तेल सुचवलं होतं. धागा वाचून धाकट्या मुलाचे कागद काढले, त्याचीही नोट नव्हती घेतलेली. उद्या मागायला जातेय. धन्यवाद सगळ्यांना.

कबड्डीताई

दीड महिन्याने लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

तिला जिल्ह्याबाहेर दुसऱ्या तज्ज्ञांकडे नेलं. वडील आले, मी पण गेले. डॉक्टरांनी आधी तिला चालवलं, मग झोपवून पाय पिळत वाकवला, आणि तिसऱ्या वेळी हाड सरकलं ते मला नुसत्या डोळ्यांनी दिसलं. तिच्या वडिलांना पण दिसलं. ते काही बोलले नाहीत, बाहेर येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. तेव्हापासून घरात कुणी कंटाळा हा शब्द काढलेला नाही.

पिव्हट शिफ्ट ग्रेड २. नडगीचा उतार १० अंश, म्हणजे तिथे हाड कापायची गरज नाही. बाहेरचा कोपरा चांगला. बोगदा थोडा उभा आहे. मांडीतला जोर चांगल्या पायाच्या ६८ टक्के. त्यांनी सांगितलं की आधी चार महिने कडक व्यायाम, मग परत तपासू, तरी निसटला तर दोरी बदलणं आणि बाहेरची पट्टी, दोन्ही एकदम. निवड चाचणी नाही. तिने गाडीत विचारलं, पुढच्या वर्षी? मी म्हटलं तपासणीनंतर बोलू, आणि ती खिडकीकडे तोंड करून रडली. मी पण रडले थोडी.

व्यायामाला आता ती शाळेतच येते, प्राजक्तने पाठवलेले व्हिडिओ बघून आम्ही करतो, महिन्यातून एकदा सांगलीला फिजिओकडे.

आणि एक. त्या आठवड्यात मी माझ्या सगळ्या बावीस मुलींना रांगेत उभं करून अंगठे, कोपर, करंगळ्या, गुडघे आणि तळहात बघितले. लवचिकपणाच्या नऊ गुणांपैकी पाच किंवा जास्त पडलेल्या चौघीजणी निघाल्या. दोघी तर चढाईलाच आहेत. त्यांचं काय करू? खेळ बंद करायचा का?

प्राजक्त_ठाणे

अजिबात बंद नाही करायचा. उडी मारून उतरायला शिकवा. सरावाआधी पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, सगळ्याच मुलींना, त्या चौघींवर जास्त डोळा. दोन पायांवर, मग एका पायावर, मग वळून. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे, आत पडायला नको, आणि उतरताना पाय ताठ नको. मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम हवाच, एकीने घोटे धरायचे आणि दुसरीने गुडघ्यावर उभं राहून हळूहळू पुढे झुकायचं. असे कार्यक्रम नियमित केले की एसीएलच्या दुखापती साधारण निम्म्याने कमी होतात, आणि मुलींना त्याचा फायदा जास्त.

आणि उभं राहताना गुडघे मागे टाकायची सवय मोडा. हजेरी घेताना सुद्धा.

कबड्डीताई

मॅट फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, आमच्याकडे माती. चालेल?

प्राजक्त_ठाणे

चालेल. फक्त खडे वेचून घ्या, आणि पहिले दोन आठवडे उडी वीतभरच उंच.

शेवंता

मातीच चांगली.